पेट्रोलच्या वाफेचा माग

गाडी उभी असतानाही पेट्रोल उडत असते. टाकी उन्हात तापली की त्यातली हलकी संयुगे वाफ होऊन वर येतात, टाकीतला दाब वाढतो आणि वाट मिळेल तिथून वाफ निसटते. १९६० च्या दशकापर्यंत ही वाट कारखान्यातच करून ठेवलेली असे. टाकीच्या झाकणाला हवेसाठी छिद्र असे आणि कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरचे तोंडही हवेत उघडे असे. गाडी बंद केल्यावर तापलेल्या इंजिनाच्या आचेने चेंबरमधले पेट्रोल उकळे आणि त्या तोंडातून निघून जाई. प्रदूषण-नियंत्रण नसलेली त्या काळची अमेरिकी मोटार जेवढे हायड्रोकार्बन हवेत सोडी, त्यातला सुमारे पाचवा हिस्सा नुसत्या वाफेचा असे. जवळपास तेवढाच क्रँककेसमधून येई आणि उरलेला एक्झॉस्टमधून. एक्झॉस्टचा धूर डोळ्यांना दिसतो. वाफ दिसत नाही, तिचा आवाज होत नाही आणि ती गळत असतानाही गाडी व्यवस्थित चालते. अशा दोषाचे निदान करण्याची विद्या त्यामुळे उशिरा जन्मली आणि अवघ्या ५०-६० वर्षांत घडली.

तिची सुरुवात लॉस एंजेलिसच्या हवेत झाली. १९४३ च्या जुलैमध्ये त्या शहरावर दाट धुरके उतरले, डोळे चुरचुरू लागले, घसे खवखवू लागले. पहिला संशय कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनवणाऱ्या एका कारखान्यावर गेला. पण कारखान्याचा बंदोबस्त झाला तरी धुरके काही हटले नाही. उलगडा झाला तो १९५० च्या सुमारास. पॅसाडिनाच्या कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आरी यान हागेन-स्मिट हे डच वंशाचे जीवरसायनशास्त्रज्ञ अननसाच्या वासातली संयुगे वेगळी करण्याचे काम करत होते. तेच तंत्र त्यांनी शहरातल्या हवेला लावले. हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाश पडला की ओझोन तयार होतो, आणि हे हायड्रोकार्बन मुख्यतः पेट्रोलचे आहेत, असे त्यांनी दाखवून दिले. ओझोन मोजायला त्या वेळी रबराच्या वाकवलेल्या पट्ट्या हवेत ठेवत. पट्टीला तडे जायला किती वेळ लागतो त्यावरून प्रमाण ठरे. न जळताच हवेत उडून गेलेले पेट्रोलही शहराला तेवढेच बाधते, हे या संशोधनातून निघालेले महत्त्वाचे सत्य होते. पुढे १९६७ मध्ये कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्ड स्थापन झाले तेव्हा हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

नियम टप्प्याटप्प्याने आले. क्रँककेसमधले वायू पुन्हा इंजिनात ओढून घेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह आधी आला. टाकी आणि कार्ब्युरेटरची वाफ अडवण्याची सक्ती कॅलिफोर्नियात १९७० च्या मॉडेलांपासून आणि सगळ्या अमेरिकेत १९७१ पासून झाली. काही कंपन्यांनी सुरुवातीला ही वाफ क्रँककेसमध्येच साठवून पाहिली. पण लवकरच सगळे चारकोल कॅनिस्टरवर, म्हणजे सक्रिय कोळशाच्या डब्यावर, स्थिरावले. सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममधल्या सूक्ष्म छिद्रांचा एकूण पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो. डबाभर कोळसा गाडी उभी असताना बरीच वाफ धरून ठेवतो. इंजिन चालू झाले की त्याच्या शोषणाने ताजी हवा डब्यातून ओढली जाते, कोळसा मोकळा होतो आणि वाफ इंजिनात जळते. या ओढीलाच ‘पर्ज’ म्हणतात. टाकीचे झाकण हवाबंद झाले, गाडी उलटली तर पेट्रोल सांडू नये म्हणून एक व्हॉल्व्ह आला, आणि बॉनेटखाली बारीक नळ्यांचे नवे जाळे उभे राहिले.

यंत्रणा आली, पण ती काम करते का हे पाहायचे कसे? आधी हे काम फक्त प्रयोगशाळेत होई. पहिल्या पद्धतीत वाफ बाहेर पडण्याच्या ठरावीक तोंडांना कोळशाचे सापळे जोडत आणि चाचणीच्या आधी व नंतर त्यांचे वजन करत. जिथे सापळा लावला नाही तिथून किती वाफ गेली हे या पद्धतीत कळण्याची सोय नव्हती, आणि मोठी गफलत तिथेच होती. त्यावर उपाय म्हणून अख्खी गाडीच हवाबंद खोलीत ठेवून खोलीतल्या हवेतले हायड्रोकार्बन मोजण्याची पद्धत आली. ती ‘शेड’ चाचणी. १९७८ च्या मॉडेलांपासून अमेरिकेत ती अधिकृत झाली. टाकीतले पेट्रोल तासाभरात सुमारे १६ अंशांवरून २९ अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे, मग गाडी चालवून गरम असतानाच खोलीत बंद करून आणखी तासभर ठेवायची. मर्यादा ६ ग्रॅम होती; १९८१ पासून ती २ ग्रॅमवर आली. पुढच्या दशकात हाच प्रयोग सलग तीन दिवस, रोजच्या उन्हाच्या चढ-उताराची नक्कल करून होऊ लागला. कॅलिफोर्नियाने तर ४१ अंशांपर्यंतची उष्णता धरली, कारण तिथला उन्हाळा तसाच असतो.

शेड चाचणी नव्या गाडीचा नमुना तपासते. तीच गाडी पाच वर्षे रस्त्यावर चालल्यावर, नळ्या कडक होऊन तडकल्यावर काय होते, याचे उत्तर त्या खोलीत नव्हते. १९७० आणि १९८० ची दशके या दृष्टीने अंधारातच गेली. गॅरेजातल्या निदानाची साधने नाक, डोळे आणि एक हातपंप एवढीच होती. बॉनेटखालच्या चिकटपट्टीवर नळ्यांची मांडणी छापलेली असे. ती पाहून नळ्या जागेवर आहेत का ते बघायचे, पर्जच्या नळीला इंजिन गरम झाल्यावर ओढ आहे का ते बोट लावून पाहायचे, डब्याच्या तळाचा स्पंज बदलायचा. अनेक मेकॅनिकांना कॅनिस्टर ही अडगळ वाटे. इंजिनाच्या तक्रारीचे मूळ सापडले नाही की नळ्या काढून तोंडे बुजवण्याचा प्रघात पडला. १९७० च्या कायद्याने अशा छेडछाडीची बंदी कारखानदार व विक्रेत्यांना होतीच. १९७७ च्या दुरुस्तीने ती स्वतंत्र गॅरेजांनाही लागू झाली, आणि अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था रस्त्यावरच्या गाड्यांची पाहणी करून काढलेले कॅनिस्टर व तुटलेल्या नळ्या मोजू लागली. मेकॅनिकांनाच दोष देणे मात्र योग्य होणार नाही. ज्या यंत्रणेचा बिघाड गाडीच्या चालीत दिसत नाही आणि जो दाखवायला गॅरेजात साधनच नाही, ती जपण्याची अपेक्षा कायद्याने केली होती. साधन दिले नव्हते.

साधन देण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९९२ मध्ये झाला. मोठ्या शहरांतल्या वार्षिक तपासणीसाठी केंद्रीय नियम आले आणि त्यांत वाफेच्या दोन चाचण्या होत्या. पहिलीत टाकीची बाजू नायट्रोजनने भरून दाब १४ इंच पाण्याएवढा करायचा आणि दोन मिनिटे थांबायचे. दाब ८ इंचांखाली गेला तर गाडी नापास. १४ इंच पाणी म्हणजे अर्धा पीएसआय, टायरमधल्या हवेच्या दाबाचा साठावा हिस्सा; एवढ्या हलक्या दाबावरही फुटकी नळी उघडी पडे. दुसरी चाचणी पर्जची होती: गाडी रोलरवर २४० सेकंद चालवायची आणि तेवढ्यात कॅनिस्टरमधून किमान एक लिटर हवा ओढली जाते का ते पाहायचे. कल्पना उत्तम होती, पण तपासनिसाला त्यासाठी दहा वर्षे जुन्या, ठिसूळ नळ्या उपसाव्या लागत, आणि तपासणीतच त्या तुटत. बऱ्याच गाड्यांत कॅनिस्टर हाताला लागेल अशा जागी नव्हताच. शेवटी बहुतेक ठिकाणी टाकीचे झाकण काढून त्याचीच दाब-चाचणी करण्यावर भागवले गेले.

गाडीच्या बाहेरून तपासणे अवघड, तर गाडीनेच स्वतःला तपासावे हा विचार याच सुमारास पक्का झाला. या इतिहासातले खरे वळण हेच. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलांपासून गाडीतल्या संगणकाला स्व-निदानाची सक्ती केली होती, पण त्यात वाफेचा विषय नव्हता. १९८९ मध्ये मंजूर झालेल्या दुसऱ्या पिढीच्या नियमांत, म्हणजे ओबीडी-२ मध्ये, तो आला. १९९४ ते १९९६ या काळात हे नियम टप्प्याने लागू झाले, आणि १९९६ पासून देशभरच्या मोटारींना ओबीडी-२ बंधनकारक झाले. वाफेबाबत नियमाने एक साधा आकडा ठरवला: एक मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून जेवढी गळेल तेवढी गळती गाडीने स्वतः शोधून डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा लावायचा. २००० च्या मॉडेलांपासून कॅलिफोर्नियाने हा व्यास अर्ध्या मिलिमीटरवर आणायला सुरुवात केली. व्यास अर्धा झाला की छिद्राचे क्षेत्रफळ चौथाईवर येते, म्हणजे संगणकाला आधीच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढा प्रवाह ओळखायचा होता, तोही पेट्रोल हिंदकळत असलेल्या, तापमान बदलत असलेल्या टाकीत. गेल्या तीस वर्षांतल्या निदानाच्या जवळपास सगळ्या युक्त्या या दोन आकड्यांच्या दबावाखाली जन्मल्या.

पहिल्या पद्धतीत इंजिनाचीच ओढ वापरली गेली. कॅनिस्टरच्या बाहेरच्या तोंडावर व्हेंट व्हॉल्व्ह बसवला, टाकीवर दाब मोजणारा सेन्सर आला. संगणक व्हेंट बंद करतो, पर्ज व्हॉल्व्ह उघडून टाकीत हलकी पोकळी तयार करतो, मग पर्जही बंद करून पोकळी किती वेगाने ओसरते ते पाहतो. अडचण अशी की पेट्रोल स्वतःच वाफ सोडून पोकळी भरून काढते, त्यामुळे शाबूत टाकीही गळकी वाटू शकते. म्हणून चाचणीवर अटी आल्या: इंजिन रात्रभर थंड झालेले असावे, टाकी साधारण १५ ते ८५ टक्के भरलेली असावी, हवा फार गरम किंवा फार थंड नसावी, गाडी फार उंचावर नसावी. शिवाय एका फेरीत दोष दिसला तरी दिवा लागत नाही. पुढच्या फेरीत तोच दोष पुन्हा दिसावा लागतो.

क्रायस्लर आणि फोक्सवॅगनने गळती शोधणारा छोटा पंप बसवला. तो यंत्रणेत दाब भरतो आणि पुन्हा पुन्हा भरावे लागते का हे मोजतो. बीएमडब्ल्यूच्या गाड्यांत आलेली पद्धत विशेष देखणी आहे. तिथला विजेचा पंप आधी अर्ध्या मिलिमीटरच्या प्रमाण-छिद्रातून हवा ढकलतो आणि मोटर किती करंट ओढते ते संगणक टिपून ठेवतो. मग तोच पंप टाकीकडे वळवला जातो. टाकी घट्ट असेल तर दाब वाढत जातो आणि करंट आधीच्या आकड्याच्या वर चढतो. चढला नाही तर कुठेतरी प्रमाणाहून मोठे भोक आहे. मापनपट्टी गाडीतच असल्याने हवामान आणि झीज दोन्ही बाजूंना सारखीच लागू पडतात, हे तिचे बळ. टोयोटाने गाडी बंद केल्यावर सुमारे पाच तासांनी, टाकीतले पेट्रोल निवांत झाल्यावर, पंपाने पोकळी करून प्रमाण-छिद्राशी तुलना करण्याची रीत आणली. जनरल मोटर्स, फोर्ड आणि नंतर क्रायस्लरनेही पंपाशिवायच काम साधले: गाडी बंद झाली की गरम पेट्रोल आधी दाब वाढवते, मग थंड होताना पोकळी करते. तोंडे बंद ठेवून हा नैसर्गिक चढ-उतार होतो का एवढेच पाहायचे. काहीच होत नसेल तर टाकी बाहेरच्या हवेशी जोडलेली आहे.

गॅरेजात हे सगळे गाडीच्या संगणकाने नोंदलेल्या दोष-कोडच्या रूपाने पोचले. पी०४५५ म्हणजे मोठी गळती, पी०४४२ म्हणजे लहान, पी०४५६ म्हणजे अतिलहान. पी०४४१ पर्जचा प्रवाह चुकतो असे सांगतो, पी०४४३ आणि पी०४४६ अनुक्रमे पर्ज व व्हेंटच्या नियंत्रणाबद्दल बोलतात, पी०४५७ झाकण सैल असल्याचा संशय घेतो. कोड आला म्हणजे निदान झाले, असा समज सुरुवातीला पसरला आणि कित्येकांचे चांगले भाग विनाकारण बदलले गेले. कोड गळतीचे अस्तित्व सांगतो, जागा सांगत नाही. टाकी गाडीच्या मागे, इंजिन पुढे, मधल्या नळ्या बॉडीच्या वरून-खालून गेलेल्या. १९९८ पासून टप्प्याने आलेल्या नियमामुळे पेट्रोल भरतानाची वाफही गाडीतच अडवावी लागली, तेव्हा कॅनिस्टर मोठा झाला, नळ्या जाड झाल्या आणि बरीचशी यंत्रणा टाकीजवळ हलली. साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहणे, एक्झॉस्ट-तपासणीच्या यंत्राची नळी सांध्यांवरून फिरवून हायड्रोकार्बनचा आकडा उसळतो का बघणे, एकेक नळी चिमटवून गळती कोणत्या भागात आहे ते ठरवणे, हे उपाय होते; अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रापुढे ते थकत.

या कोंडीतून वाट काढली ती धुराच्या यंत्राने. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून ते अमेरिकी गॅरेजांत पसरले. खनिज तेल तापलेल्या तारेवर वाफवले की पांढरा दाट धूर होतो; तो अर्ध्या पीएसआयच्या आसपासच्या दाबाने यंत्रणेत सोडायचा आणि टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरायचे. जिथून धुराची रेघ निघते तिथे भोक. ज्या वाफेला पाव शतक कोणी पाहिले नव्हते, तिची वाट या साध्या यंत्राने पहिल्यांदा डोळ्यांना दाखवली. या विद्येच्या इतिहासात त्याच्या तोडीचे दुसरे साधन नाही. चांगल्या यंत्रांवर प्रवाहमापकही असतो, त्यामुळे धूर शोधण्याआधीच गळती आहे की नाही आणि ती प्रमाणाहून मोठी आहे का हे कळते. पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण पेट घेऊ शकते, म्हणून धूर वाहून नेण्यासाठी हवेऐवजी नायट्रोजनसारखा निष्क्रिय वायू वापरण्याची शिस्त आली. कॉम्प्रेसरची हवा सरळ टाकीत सोडणाऱ्यांनी सेन्सर आणि नळ्या फोडल्याही. १९९६ नंतरच्या अनेक अमेरिकी गाड्यांत बॉनेटखाली हिरव्या टोपीचे एक तोंड याच कामासाठी दिलेले असे. पुढे कंपन्यांनी ते हळूहळू काढून टाकले. धूर सोडण्याआधी व्हेंट व्हॉल्व्ह बंद करावा लागतो, आणि ते गाडीच्या संगणकाला जोडलेल्या स्कॅनरवरून आज्ञा देऊन करता येते. स्कॅनर आणि धूर ही जोडी तेव्हापासून या कामाचा कणा आहे.

अनुभवाने दोषांची ओळखही पक्की होत गेली. सगळ्यांत साधा दोष सैल किंवा झिजलेल्या रबराच्या झाकणाचा. २००८ च्या सुमारास फोर्डने झाकणाशिवायचे तोंड आणले. पंपाचे नोझल आपोआप बंद झाल्यावरही टाकी काठोकाठ भरण्याची सवय जास्त महाग पडते: द्रव पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरते, कोळसा खराब होतो, त्याचे कण नळीतून पर्ज व्हॉल्व्हमध्ये अडकतात आणि तो अर्धवट उघडा राहतो. अशी गाडी पेट्रोल भरल्यावर लगेच सुरू होत नाही, कारण भरलेल्या कॅनिस्टरची सगळी वाफ एकदम इंजिनात जाते. हे लक्षण इतके नेमके आहे की जाणता मेकॅनिक ते ऐकूनच पर्ज व्हॉल्व्हकडे वळतो. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या राज्यांत पेट्रोल भरण्याची नळी गंजून चाळणी होते. व्हेंट व्हॉल्व्ह मागच्या चाकांजवळ असेल तर धूळ-चिखलाने तुंबतो. २०११ मध्ये माझदाला उत्तर अमेरिकेतल्या हजारो माझदा ६ गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण पिवळ्या कोळ्याची एक जात व्हेंटच्या नळीत जाळे विणत होती. तोंड बुजल्याने टाकीत पोकळी वाढून टाकीला तडा जाण्याचा धोका होता. २०१४ मध्ये तशीच दुसरी मोहीम काढावी लागली.

हायब्रिड गाड्यांनी प्रश्न पुन्हा अवघड केला. इंजिन बराच वेळ बंदच असेल तर पर्ज करायला ओढ नाही, आणि कोळसा मोकळा होत नाही. शेव्हरोले व्होल्टसारख्या गाड्यांत म्हणून दाब सोसणारी पूर्ण बंद स्टीलची टाकी आली. पेट्रोल भरण्याआधी बटण दाबून दाब सोडावा लागतो. तिथे टाकीची बाजू आणि कॅनिस्टरची बाजू वेगवेगळी तपासावी लागते, आणि मेकॅनिकला एकाऐवजी दोन यंत्रणांचा विचार करावा लागतो.

भारतात हा इतिहास वेगळ्या वाटेने आला, कारण इथले नियम युरोपच्या धर्तीवर आहेत. पेट्रोल मोटारींना शेड चाचणीत २ ग्रॅमची मर्यादा २००० पासून लागू झाली. अशा चाचण्यांची सोय असलेल्या संस्थांत पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था अग्रभागी आहे. स्व-निदानाची सक्ती बीएस-४ या उत्सर्जन-नियमांबरोबर २०१० पासून, मुंबई-पुण्यासह ठरावीक शहरांत आधी, आली. पण युरोपच्या नियमांत छिद्राचा आकडा नाही. पर्ज व्हॉल्व्हची वायर तुटलेली नाही एवढे संगणकाने पाहिले की पुरते. त्यामुळे इथल्या बहुतेक गाड्यांत झाकण उघडे राहिले तरी दिवा लागत नाही. पीयूसी तपासणीची नळी सायलेन्सरमध्ये जाते, टाकीच्या वाफेचे मोजमाप तिच्या कक्षेत येत नाही. ज्या देशात वर्षाचे बरेच महिने पारा पस्तिशीच्या वर असतो, तिथे ही उणीव छोटी नाही.

दुचाकींच्या कॅनिस्टरचा प्रसार बीएस-४ मुळे २०१७ च्या आसपास झाला, आणि २०२० च्या बीएस-६ मध्ये त्यांची मर्यादा १.५ ग्रॅमवर आली. इथे निदान अजून मुख्यतः लक्षणांवरून होते. टाकीला हवा कॅनिस्टरच्या नळीतूनच मिळते. ती नळी सीटखाली दुमडली किंवा चिखलाने तुंबली तर टाकीत पोकळी वाढते आणि पेट्रोलचा पुरवठा रोडावून काही किलोमीटरनंतर गाडी गचके देत बंद पडते. झाकण उघडताच हवा आत शिरल्याचा फुस्स आवाज आला आणि गाडी पुन्हा सुरू झाली, तर दोष प्लग किंवा पंपात नसून वाफेच्या नळीत आहे असे समजून मेकॅनिक आधी ती नळी सोडवून फुंकून पाहतो.